घर, शेत आणि स्वातंत्र्ययुद्ध

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा विषय निघाला की जॉर्ज वॉशिंग्टन, थॉमस जेफर्सन, बेंजामिन फ्रँकलिन ही नावं पटकन आठवतात. शाळेच्या पुस्तकात त्यांचे फोटोही असायचे. पण आठ वर्षं चाललेल्या त्या लढाईत घरं कोणी चालवली? शेतं कोणी पिकवली? मीठ, साखर, कापड मिळेनासं झालं तेव्हा मुलांना काय खाऊ-पिऊ घातलं? याचं उत्तर शोधायला गेलं की एक नाव हमखास पुढं येतं, अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्स.

एका राष्ट्राध्यक्षाची बायको आणि दुसऱ्या राष्ट्राध्यक्षाची आई, अशी तिची ओळख करून दिली जाते. ती खोटी नाही. पण मैत्रिणींनो, नवरा आणि मुलगा बाजूला ठेवले तरी या बाईच्या आयुष्यात सांगण्यासारखं पुष्कळ उरतं.

अ‍ॅबिगेलचा जन्म १७४४ मधला. मॅसॅच्युसेट्स प्रांतातलं वेमथ हे तिचं गाव. वडील विल्यम स्मिथ चर्चमध्ये धर्मोपदेशक. त्या काळी तिकडं मुलींना शाळेत घालण्याची पद्धत नव्हती, त्यातून ही सारखी आजारी. त्यामुळं शाळेचं तोंडही तिनं पाहिलं नाही. मात्र घरात पुस्तकं होती, आजोबांकडंही होती. जे हाताला लागेल ते ती वाचत गेली. आपलं शुद्धलेखन कच्चं आहे याची खंत तिला जन्मभर राहिली. पण लिहायची थांबली नाही.

१७६४ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तिचं जॉन अ‍ॅडम्स या वकिलाशी लग्न झालं. तो तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. ब्रेनट्री गावात छोटंसं घर आणि शेती. जॉन वकिलीच्या कामासाठी गावोगाव फिरायचा आणि ही घर बघायची. पुढच्या आठ वर्षांत पाच बाळंतपणं झाली. सुझाना नावाची मुलगी दोन वर्षांचीही न होता गेली. म्हणजे सुरुवात तुमच्याआमच्यासारखीच. कोणी म्हणालं नसतं की ही बाई इतिहासात जाणार आहे.

पण बाहेर वातावरण तापत होतं. त्या वेळी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्रजांच्या तेरा वसाहती होत्या. तिथले बहुतेक गोरे लोक स्वतःला इंग्रजच समजत. राजा त्यांचाच आणि कायदेही त्यांचेच. मग बिनसलं कुठं? तर १७५६ ते १७६३ या काळात इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात सात वर्षं युद्ध झालं. इंग्लंड जिंकलं खरं, पण त्याच्या डोक्यावरचं कर्ज जवळपास दुप्पट झालं. हे कर्ज फेडायचं आणि वसाहतींत ठेवलेल्या फौजेचा खर्च भागवायचा म्हणून लंडनच्या पार्लमेंटनं वसाहतींवर कर बसवायला सुरुवात केली. १७६५ मध्ये स्टँप कायदा आला. वर्तमानपत्र, कोर्टाचे कागद, खरेदीखत, एवढंच काय पत्त्यांचा जोडही, सगळ्यांवर सरकारी शिक्का आणि त्याचे पैसे! लोक खवळले. पार्लमेंटमध्ये आमचा एकही प्रतिनिधी नाही, मग आमच्यावर कर लावणारे तुम्ही कोण, असा त्यांचा सवाल होता. वर्षभरात तो कायदा मागं घ्यावा लागला. पण १७६७ मध्ये चहा, काच, कागद, रंग यांच्यावर नवे कर आले.

आता या यादीकडं नीट बघा. चहा, काच, कागद. या सगळ्या घरात लागणाऱ्या वस्तू. त्यांच्यावर बहिष्कार घालायचा तर पुरुषांच्या सभेत ठराव करून भागत नव्हतं. घरातल्या बाईनं चहाचं भांडं खाली उतरवलं तरच तो बहिष्कार! इंग्लंडचं कापड घ्यायचं नाही ठरलं, तेव्हा सूत काढायला बायकाच बसल्या. गावोगावी चर्चच्या आवारात चरखे घेऊन बायका जमायच्या आणि दिवसभर सूत कातायच्या. १७७४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या ईडन्टन गावात ५१ बायकांनी बहिष्काराच्या कागदावर चक्क सह्या केल्या. लंडनमध्ये त्यांची टिंगल करणारं व्यंगचित्रही छापून आलं. कारण बायकांनी राजकारणात सही करावी, हेच तिथल्या लोकांना हास्यास्पद वाटलं.

चहाची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे, कारण तिचा धागा आपल्याशी जुळतो. हा चहा होता ईस्ट इंडिया कंपनीचा, आपल्याकडं राज्य करायला लागलेल्या त्याच कंपनीचा. बंगाल हातात येऊनही कंपनी कर्जात बुडाली होती, आणि चीनमधून आणलेला चहा लंडनच्या गोदामांत पडून होता. कंपनीला वाचवायला पार्लमेंटनं १७७३ मध्ये कायदा करून तिला तो थेट अमेरिकेत विकायची मुभा दिली. त्यामुळं चहा उलट स्वस्त होणार होता! मग लोकांनी तो नाकारला का? कारण त्यावरचा थोडासा कर कायम होता. स्वस्त म्हणून चहा घेतला की लंडनचा कर बसवण्याचा हक्कही मान्य केल्यासारखं झालं असतं. शिवाय एका कंपनीची मक्तेदारी आली असती ती वेगळीच. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या चहा समुद्रात गेला. पुढच्या वर्षी खुद्द जॉन अ‍ॅडम्स प्रवासात एका खाणावळीत उतरला आणि त्यानं चहा मागितला. मालकीणबाईंनी साफ सांगितलं, आमच्याकडं चहा होत नाही, कॉफी देते. जॉननं हे अ‍ॅबिगेलला पत्रातून कळवलं, आणि आता चहाची सवय मोडायलाच हवी हेही मान्य केलं.

चहा बुडवल्याची शिक्षा म्हणून सरकारनं १७७४ मध्ये बोस्टनचं बंदरच बंद केलं आणि मॅसॅच्युसेट्सच्या लोकांचे कारभाराचे हक्क काढून घेतले. सरकारचा अंदाज होता की एका प्रांताला धडा शिकवला की बाकीचे घाबरतील. झालं उलटंच. आज बोस्टन, तर उद्या आपण, हे बाकीच्यांनी ओळखलं. फिलाडेल्फियात तेरापैकी बारा वसाहतींच्या प्रतिनिधींची परिषद भरली आणि तिथं जॉन अ‍ॅडम्स गेला. इथून अ‍ॅबिगेलच्या संसाराची दुसरी बाजू सुरू झाली. पुढची दहा वर्षं नवरा बहुतेक घराबाहेरच होता.

एप्रिल १७७५ मध्ये लेक्झिंग्टन आणि काँकॉर्डला पहिली गोळी सुटली. ब्रेनट्री बोस्टनपासून जवळ, त्यामुळं युद्ध तिच्या दारातच आलं. लढायला निघालेले लोक तिच्या घरी थांबायचे, जेवायचे, झोपायचे. बोस्टनहून पळून आलेल्या कुटुंबांनाही तिनं आसरा दिला. बंदुकीच्या गोळ्या कमी पडत होत्या, तेव्हा घरातले कथिल-शिशाचे चमचे वितळवून गोळ्या पाडल्या गेल्या. मुलगा जॉन क्विन्सी तेव्हा सात वर्षांचा होता. आई ते चमचे मुशीत टाकत होती ही आठवण त्यानं म्हातारपणीही सांगितली आहे.

१७ जून १७७५ ला तोफांच्या आवाजानं ती जागी झाली. मुलाचा हात धरून घराजवळच्या टेकडीवर चढली. समोर खाडीपलीकडं बंकर हिलची लढाई चालली होती आणि चार्ल्सटाऊन गाव जळत होतं. त्या दिवशी त्यांचा घरचा डॉक्टर आणि मित्र जोसेफ वॉरन मारला गेला. इंग्रजांनी टेकडी जिंकली, पण त्यांचे हजाराहून जास्त सैनिक मेले किंवा जखमी झाले.

युद्धाबरोबर रोगराई आली. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर नव्हे, ऐन उन्हाळ्याच्या शेवटी आवेची साथ पसरली. दीर मेला. अ‍ॅबिगेल स्वतः आजारी पडली, धाकटा मुलगा आजारी, घरातली कामाची मुलगी दगावली. आणि शेवटी, लेकीच्या घरी येऊन शुश्रूषा करणारी तिची आईच ऑक्टोबरमध्ये गेली. नवरा शेकडो मैलांवर. पत्र पोचायला आठवडा-दोन आठवडे लागत. अशा वेळी तिनं काय केलं? रडली, पत्र लिहिलं, आणि उठून मुलांकडं बघितलं. दुसरं करणार काय?

मार्च १७७६ मध्ये इंग्रजांनी बोस्टन सोडलं. फिलाडेल्फियात स्वातंत्र्य जाहीर करायची चर्चा जोरात होती. ३१ मार्चला अ‍ॅबिगेलनं नवऱ्याला लिहिलेलं पत्र आज जगभर प्रसिद्ध आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं होतं. तुम्ही आता नवे कायदे करणारच आहात, तर त्यात बायकांना विसरू नका. नवऱ्यांच्या हातात बेलगाम सत्ता देऊ नका, कारण संधी मिळाली तर पुरुष जुलमीच होतात. आणि आमच्याकडं लक्ष दिलं नाहीत, तर ज्या कायद्यात आमचा आवाज नाही ते आम्हीही मानणार नाही, बंड करू.

यातली गंमत लक्षात आली ना? प्रतिनिधी नाही तर कर नाही, हे पुरुष राजाला सांगत होते. तिनं तेच शब्द उचलले आणि नवऱ्यापुढं ठेवले. तिथल्या कायद्यानं लग्न झालेल्या बाईला स्वतःची मालमत्ता नव्हती. तिनं कमावलेला पैसा नवऱ्याचा, माहेरहून आणलेल्या वस्तू नवऱ्याच्या. तिला स्वतःच्या नावानं करारही करता येत नव्हता. जॉननं हे पत्र हसण्यावारी नेलं. नावाला आम्ही मालक, खरं राज्य तुम्हा बायकांचंच, अशा थाटाचं त्याचं उत्तर होतं. आपल्या ओळखीचं वाटतं की नाही हे उत्तर? अ‍ॅबिगेल गप्प बसली नाही. सगळ्या जगाला मुक्त करायला निघालात आणि बायकोवरची सत्ता तेवढी सोडवत नाही, असं तिनं सुनावलं. पण घटना लिहिणाऱ्यांनी बायकांचा विचार केला नाही तो नाहीच.

त्याच वर्षीच्या जुलैत ती चारही मुलांना घेऊन बोस्टनला गेली, देवी टोचून घ्यायला. लस तेव्हा निघालेली नव्हती. रोग्याच्या फोडातला पू घेऊन निरोग्याच्या कातडीत टोचायचे. ताप यायचा, फोड यायचे, क्वचित माणूस दगावायचाही. पण देवीच्या साथीत मरण्यापेक्षा हे बरं. नवऱ्याला विचारायला वेळ नव्हता, निर्णय तिनंच घेतला. चार्ल्स खूप आजारी पडला, पण वाचला. त्याच मुक्कामात, १८ जुलैला, बोस्टनच्या सज्जातून स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला तेव्हा ती गर्दीत उभी होती. घंटा वाजल्या, तोफा झाल्या. त्या कागदावर सही करणाऱ्यांत तिचा नवरा होता, आणि ती आजारी पोरांना सोडून तेवढ्यापुरती आली होती.

जाहीरनामा काढला म्हणजे स्वातंत्र्य मिळालं असं नसतं. युद्ध पुढं सात वर्षं चाललं. काँग्रेसनं छापलेल्या कागदी नोटांची किंमत रोज घसरत होती आणि व्यापारी माल दडवून ठेवत होते. जुलै १७७७ मध्ये बोस्टनच्या एका बड्या व्यापाऱ्यानं कॉफी रास्त भावात द्यायला नकार दिला. तेव्हा शंभरएक बायका हातगाडी घेऊन त्याच्या गोदामावर गेल्या. त्यानं किल्ल्या देईना म्हणताच एकीनं त्याची मानगूट धरून त्याला गाडीत आडवं केलं! किल्ल्या घेतल्या, कॉफी भरली आणि निघाल्या. पुरुष बघत उभे राहिले. हा प्रसंग आपल्याला कळला तो अ‍ॅबिगेलच्या पत्रामुळं. हे पत्र तिनं लिहिलं तेव्हा तिला मृत मुलगी होऊन तीनच आठवडे झाले होते. त्या बाळंतपणातही नवरा जवळ नव्हता.

फेब्रुवारी १७७८ मध्ये जॉनला फ्रान्सला पाठवलं. दहा वर्षांचा जॉन क्विन्सीही बरोबर गेला. मध्ये काही महिने दोघं परत आले, पुन्हा गेले, या वेळी चार्ल्सलाही घेऊन. हिच्याकडं उरली शेती, कुळं, कर आणि दोन मुलं. मजूर मिळत नव्हते, सगळे फौजेत. पैशाचं सोंग आणता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग तिनं युक्ती काढली. जॉननं युरोपातून रोख पैसे पाठवण्याऐवजी रुमाल, रिबिनी, टाचण्या, कापड असा माल पाठवायचा, आणि तो नातलगांमार्फत ती विकायची. इकडं टंचाई, त्यामुळं भाव चांगला मिळायचा. आलेला पैसा तिनं सरकारी कर्जरोख्यांत गुंतवला. जॉनचा विश्वास फक्त जमिनीवर होता, पण रोख्यांनी जमिनीपेक्षा कितीतरी जास्त दिलं. यातला काही पैसा ती कायम स्वतःचा म्हणून बाजूला ठेवायची. कायद्यानं तो तिचा नव्हताच. तरी तिनं तो आपला मानला आणि जॉननंही आडकाठी केली नाही. बचत गटांच्या कामात आम्हाला हे नेहमी दिसतं, हातात स्वतःचे चार पैसे असले की बाईचा घरातला आवाज बदलतो. अ‍ॅबिगेलनं ते अडीचशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

अशा बायका जागोजागी होत्या. १७८० मध्ये फिलाडेल्फियाच्या एस्थर रीड यांनी घरोघर फिरून सैनिकांसाठी कागदी चलनात तीन लाख डॉलर जमवले. वॉशिंग्टनच्या सांगण्यावरून त्यातून कापड घेतलं आणि दोन हजारांहून जास्त सदरे शिवले. प्रत्येक सदऱ्यावर शिवणारीचं नाव होतं. एस्थर मात्र ते काम पुरं व्हायच्या आधीच आजारानं गेल्या.

एवढ्या मोठ्या साम्राज्यापुढं तेरा वसाहती टिकल्या कशा? एक म्हणजे समुद्रापलीकडून फौज आणि रसद पाठवणं इंग्लंडला महाग पडत गेलं. शहरं जिंकता आली, पण गावं आणि शेतं ताब्यात ठेवता आली नाहीत. दुसरं म्हणजे १७७७ मध्ये साराटोगाला इंग्रजांची एक अख्खी फौज शरण आली आणि ते पाहून फ्रान्सनं पुढच्या वर्षी उघड मदत दिली. मग स्पेनही उतरलं. इंग्रजांना एकाच वेळी जगभर लढावं लागलं. त्याच काळात आपल्याकडं मराठ्यांशीही त्यांचं युद्ध चालू होतं. १७७९ मध्ये वडगावला त्यांना मराठ्यांपुढं नमतं घ्यावं लागलं. शेवटी ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाऊनला फ्रेंच आरमारानं समुद्र अडवला आणि लॉर्ड कॉर्नवॉलिस शरण आला. हो, तोच कॉर्नवॉलिस! तिकडं हरलेला हा सेनापती १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन आपल्या देशात आला आणि टिपूशी लढला. त्या वेळी पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या बाजूनं होते. तेरा वसाहती एक झाल्या म्हणून सुटल्या, आणि आपण एकमेकांविरुद्ध लढत राहिलो. हे वाचताना वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

१७८३ मध्ये पॅरिसला तह झाला आणि इंग्लंडनं अमेरिकेचं स्वातंत्र्य मान्य केलं. १७८४ मध्ये अ‍ॅबिगेल जहाजात बसून नवऱ्याकडं गेली. दुसऱ्या वर्षी जॉन इंग्लंडमध्ये अमेरिकेचा पहिला वकील झाला आणि दरबारात तिची राजा तिसऱ्या जॉर्जशी ओळख करून देण्यात आली. तासन्‌तास ताटकळत उभी राहून तिनं तो मुजरा पार पाडला. ज्याच्या सैनिकांसाठी तिनं चमचे वितळवले होते, तोच हा राजा.

पुढं जॉन उपराष्ट्राध्यक्ष झाला आणि १७९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष. नोव्हेंबर १८०० मध्ये व्हाइट हाऊसमध्ये राहायला जाणारी ती पहिली अध्यक्षीणबाई. इमारत अर्धवट, भिंती ओल्या. मोठ्या दिवाणखान्यात तिनं दोऱ्या बांधून धुणं वाळत घातलं! पण त्याच महिन्यात दारूच्या नादी लागलेला चार्ल्स तिशीतच गेला. १८१३ मध्ये थोरली मुलगी स्तनाच्या कर्करोगानं गेली. दोन वर्षं आधी, भूल देण्याची सोय नसताना, तिची शस्त्रक्रिया आईवडिलांच्याच घरात झाली होती.

हे स्वातंत्र्य सगळ्यांचं नव्हतं, हेही सांगायला हवं. काळ्या गुलामांना त्यातून वगळलं होतं. अ‍ॅबिगेलच्या वडिलांकडंही गुलाम होते. पण दुसऱ्यांना गुलाम ठेवून आपण स्वातंत्र्यासाठी लढतो, यातली विसंगती तिनं १७७४ मध्येच पत्रात मांडली होती. १७९७ मध्ये तिच्याकडं कामाला असलेल्या जेम्स या काळ्या मुलाला तिनं रात्रशाळेत घातलं. तो आला तर बाकीची मुलं येणार नाहीत, असं सांगायला एक शेजारी आला. तेव्हा तिनं त्याला ठणकावलं, की चर्चमध्ये एकत्र बसता तर शाळेत का नाही? जेम्सची शाळा चालू राहिली.

अ‍ॅबिगेल १८१८ मध्ये विषमज्वरानं गेली. मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला १८२५ मध्ये, ते तिला बघायला मिळालं नाही. बायकांना मताचा हक्क देशभर मिळाला तो तिच्यानंतर १०२ वर्षांनी, १९२० मध्ये.

पण जाण्याआधी दोन वर्षं तिनं एक काम करून ठेवलं होतं. तिनं मृत्युपत्र लिहिलं. कायद्यानं नवऱ्याच्या हयातीत बाईला मृत्युपत्र करायचा अधिकार नव्हता, कारण द्यायला तिचं काही नव्हतंच! तरी तिनं लिहिलं. माहेरच्या जमिनीतला वाटा मुलांना दिला. बाकी पैसा, रोखे, कपडे, दागिने वाटले ते बहुतेक सगळे बायकांना: नाती, भाच्या, सुना, घरात काम करणाऱ्या बायका. त्यातल्या कित्येक जणींच्या हातात पहिल्यांदाच स्वतःचं असं काही आलं असेल. आणि चाळीस वर्षांपूर्वी तिचं पत्र हसण्यावारी नेणारा जॉन? कायद्याच्या आधारानं तो हे मृत्युपत्र सहज बाजूला सारू शकला असता. त्यानं तसं केलं नाही. तिनं लिहिलं होतं तसंच सगळं वाटायला लावलं.

मैत्रिणींनो, देशाला कायद्यानं मिळालेलं स्वातंत्र्य तिच्या वाट्याला आलं नाही. तिनं ते आपल्या घरात, आपल्या सहीनं घेतलं. आपल्याला तर कायद्यानं मत आहे, मालमत्ता आहे, मृत्युपत्राचा हक्क आहे. तेव्हा एकदा घरातले कागद काढून बघा. घराच्या उताऱ्यावर, सातबाऱ्यावर, बँकेच्या पासबुकावर आपलं नाव कुठं कुठं आहे?